रॉकेट लीग: कुठल्या रोलला कुठली गाडी घ्यायची, आणि गाडी सोडून काय बघायचं

रॉकेट लीग म्हणजे गाड्यांनी फुटबॉल खेळायचा व्हिडिओ गेम. गॅरेज उघडलं की शंभरावर गाड्या, त्यांच्यावर डिकल (बॉडीवरची नक्षी), चाकं, टॉपर (टपावरची सजावट), अँटेना, बूस्टचे (गाडीला जोर देणाऱ्या इंधनाचे) ढीगभर प्रकार, आणि नवीन माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की मी गोल वाचवायला मागे थांबतो तर मला कुठली, आणि माझा मित्र सारखा पुढे पळतो त्याला कुठली. दुसरे स्पोर्ट्स गेम खेळून आलेला असाल तर डोक्यात हेच बसलेलं असतं, स्ट्रायकरला हे बूट, कीपरला ते ग्लोव्ह्ज, घातले की स्पीड पाचने वाढला. इथे तसलं काही नाही. सगळ्या गाड्यांचा टॉप स्पीड सारखा, पिकअप सारखा, बूस्ट संपायचा वेग सारखा, वजनसुद्धा सारखंच. ट्रकसारखी दिसणारी गाडी धडकेत जड पडत नाही आणि रेसिंग कारसारखी दिसणारी जास्त पळत नाही, सगळा दिखावा आहे.

मग फरक कशात? हिटबॉक्समध्ये. म्हणजे गाडीच्या चकचकीत बॉडीच्या आत एक न दिसणारा खोका असतो, बॉल त्या खोक्याला लागतो, बॉडीला नाही. २०१७ मध्ये गेम बनवणाऱ्या सायोनिक्स कंपनीने सगळ्या गाड्या ठरावीक खोक्यांच्या गटात बसवून टाकल्या आणि आज असे सहा गट आहेत: ऑक्टेन, डॉमिनस, प्लँक, ब्रेकआउट, हायब्रिड आणि मर्क. म्हणजे शंभरावर गाड्यांमधून निवडायचं नाहीये, सहांमधून निवडायचंय, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या दोन-तीनच बघायच्या आहेत. गॅरेजमध्ये गाडीच्या माहितीत तिचा हिटबॉक्स लिहिलेला असतो, तो वाचा, रंग नंतर.

खोक्यांची मापं

गेमच्या आतल्या युनिटमध्ये सांगतो. ऑक्टेनची लांबी ११८, रुंदी ८४, उंची ३६. डॉमिनसची लांबी जवळपास १२८, रुंदी ८३, उंची ३१. प्लँक १२९ लांब, ८५ रुंद आणि फक्त २९ उंच, म्हणजे जमिनीला चिकटलेली फळीच. ब्रेकआउट सगळ्यात लांब, १३१ च्या वर, पण रुंदीला ८० आणि उंचीला ३०. हायब्रिड नावाप्रमाणे मधली, १२७ लांब, ८२ रुंद, ३४ उंच. मर्क एकदम वेगळी, १२१ लांब, रुंदीला सगळ्यात बारीक म्हणजे ७७ आणि उंची जवळपास ४२.

आकडे पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की बॉलचा व्यास १८५ च्या आसपास आहे, म्हणजे कुठल्याही गाडीपेक्षा बॉल मोठाच, आणि सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड गाडीत फरक आहे साडेतेरा युनिटचा. आता हा फरक मोठा की छोटा ते तुम्ही काय करताय त्यावर आहे. गोलच्या तोंडाची रुंदी १७८६ युनिट आणि उंची ६४२. "प्लँक लांब आणि रुंद आहे म्हणून गोलकीपरला बेस्ट" हे तुम्ही शंभर वेळा ऐकाल, पण गोलसमोर आडवी गाडी लावली तरी प्लँक ऑक्टेनपेक्षा ११ युनिटही जास्त जागा अडवत नाही, सतराशेच्या वरच्या गोलमध्ये ते एक टक्कासुद्धा नाही. सेव्ह होतो तो तुम्ही वेळेत पोचलात म्हणून, खोका मोठा म्हणून नाही. उलट प्लँकची उंची कमी असल्यामुळे जमिनीवरून येणारा बॉल उडी न मारता नुसता अडवायला गेलात तर तो टपावरून चढून मागे जातो.

पण तोच फरक बॉल नाकावर असताना खूप मोठा वाटतो. बॉल कुठे जाणार हे बऱ्यापैकी तुमच्या गाडीच्या मध्यापासून बॉलच्या मध्याकडे जाणाऱ्या रेषेवर ठरतं, त्यामुळे नाक थोडं पुढे, थोडं खाली, थोडं चपटं असलं की तोच टच वेगळा निघतो. म्हणून गाडी बदलली की आठवडाभर सगळे शॉट बाजूला जातात आणि माणूस म्हणतो ही गाडीच बेकार आहे. गाडी बेकार नसते, हात जुन्या खोक्याच्या हिशोबाने चालत असतात.

रोल म्हणजे नक्की काय, ते आधी

इथे मोठी गडबड आहे. फुटबॉलसारखं वाटतं म्हणून लोक ठरवून टाकतात, तू स्ट्रायकर, मी डिफेन्स. ३ विरुद्ध ३ मध्ये असं खेळलात तर स्ट्रायकरचा बूस्ट दहा सेकंदात संपतो आणि डिफेन्सवाला गोलमध्ये बसून कंटाळतो. खरा गेम रोटेशनवर चालतो: बॉलवर जो आहे तो फर्स्ट मॅन, त्याच्या मागे पास किंवा रिबाऊंडची वाट बघणारा सेकंड मॅन, सगळ्यात मागे थर्ड मॅन. फर्स्ट मॅनने आपला टच मारला की बाजूने फिरून मागे यायचं आणि थर्ड मॅन व्हायचं. म्हणजे पाच मिनिटांच्या मॅचमध्ये तुम्ही तिन्ही रोल कितीतरी वेळा करता आणि मॅचच्या मधे गाडी बदलता येत नाही.

म्हणून "डिफेन्सची गाडी" आणि "अटॅकची गाडी" असं वेगळं घेण्यात अर्थ नाही. घ्यायची ती अशी गाडी, जी तुम्ही ज्या रोलमध्ये जिंकता तिथे अजून धार देईल आणि ज्यात कच्चे आहात तिथे घात करणार नाही. पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

फर्स्ट मॅन आणि किकऑफ

फर्स्ट मॅनचं मुख्य काम फिफ्टी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी बॉलला भिडतात ती टक्कर. किकऑफ हीसुद्धा एक मोठी फिफ्टीच. आता ही टक्कर जवळून बघा. दोघंही बूस्ट दाबून येतायत, बॉलच्या अलीकडे दोघंही फ्लिप, म्हणजे हवेतली कोलांटी मारतात, आणि ज्या क्षणी दोन्ही नाकं बॉलला लागतात त्या क्षणी बॉल मधे दाबला जातो. त्याला कुठेतरी निसटायचंय. एका गाडीचं नाक चपटं आणि खाली असेल तर बॉलला सगळ्यात सोपा रस्ता तिच्या टपावरून मिळतो. गाडी थोडी उंच असेल तर बॉल तिथे अडतो, आणि तो वर किंवा बाजूला उडतो किंवा तिथेच मरतो, म्हणजे तुमच्या सेकंड मॅनला वेळ मिळाला. ऑक्टेन फिफ्टीत चांगली म्हणतात ती या पाच-सहा युनिट उंचीमुळे, आणि तिचं चाकांवर उभं राहणंही जरा उंच आहे म्हणून. मर्क तर अजूनच उंच, त्यामुळे जमिनीवरच्या फिफ्टीत तीही चिवट आहे.

शिवाय ऑक्टेन किंचित कमी जागेत वळते. किंचितच, पण फर्स्ट मॅन सारखा वळतच असतो, बॉल भिंतीवरून कोपऱ्यात गेला, त्याच्या मागे गेलो, विरोधी गाडीने वळवला, परत वळलो, त्यामुळे हातात गाडी हलकी वाटते. सतत चिकटून प्रेशर देणारा तुमचा स्वभाव असेल तर डोळे झाकून ऑक्टेन हिटबॉक्स घ्या. ऑक्टेन सुरुवातीपासूनच मिळते, काही विकत घ्यावं लागत नाही.

याच हिटबॉक्समध्ये फेनेकही येते, आणि ऑक्टेन की फेनेक हा वाद कधी संपणार नाही. खोका तोच, फक्त बॉडीचं चित्र वेगळं. ऑक्टेनचं नाक डोळ्याला निमुळतं दिसतं, त्यामुळे खोक्याचे पुढचे दोन कोपरे हवेत असतात, दिसत नाहीत पण बॉलला लागतात. फेनेक चौकोनी ठोकळाच आहे, जे दिसतं ते बऱ्यापैकी खोक्याच्या जवळ जातं, म्हणून कोपऱ्याने मारायचे टच काही जणांना फेनेकवर जास्त भरवशाचे वाटतात. माझं मत विचाराल तर फेनेक असेल तर लावून बघा, नसेल तर तिच्यासाठी क्रेडिट (गेममधले पैसे) जमवत बसू नका, डिसेंबर २०२३ पासून ट्रेडिंग बंद आहे त्यामुळे दुसऱ्या प्लेअरकडून अदलाबदल करून घेण्याचा रस्ताही गेला.

सेकंड मॅन, शॉट आणि हवेतलं काम

सेकंड मॅनला बॉल पळत येऊन मिळतो. पास आला, भिंतीवरून उतरला, फिफ्टीतून उडाला, आणि तुम्हाला तो एका टचमध्ये गोलकडे वळवायचा असतो, बरेचदा हवेत. इथे लांब आणि सपाट गाडी आवडणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. डॉमिनसचं नाक लांब, टप सपाट, त्यामुळे बॉल नाकाच्या सपाट भागावर नीट बसला तर शॉट सरळ आणि करकरीत जातो, आणि एरियलमध्ये, म्हणजे बूस्टवर हवेत उडून खेळताना, बॉलला थोडं आधी पोचल्यासारखं वाटतं.

डॉमिनसची खरी मजा मात्र ड्रिबल आणि फ्लिकमध्ये आहे. बॉल टपावर घेऊन चाललाय, समोरचा डिफेंडर येतोय, तुम्ही उडी मारता, गाडी थोडी तिरकी करता, बॉल नाकाच्या बाजूला सरकतो आणि मग फ्लिप मारून त्याला डिफेंडरच्या डोक्यावरून भिरकावता. ज्या गाडीचं नाक लांब तिचं टोक फ्लिपमध्ये जास्त जोरात फिरतं, त्यामुळे फ्लिकला दम येतो. फ्रीस्टाइल करणाऱ्यांच्या क्लिपमध्ये डॉमिनस इतकी का दिसते, तर हे कारण. पण फुकट काही मिळत नाही, डॉमिनस बुटकी असल्यामुळे फिफ्टीत टायमिंग जरा चुकलं की बॉल वरून गेला, आणि ते मागे उभ्या असलेल्या मित्राला निस्तरावं लागतं. आफ्टरशॉक, मासामुने याही याच हिटबॉक्सच्या, म्हणजे डॉमिनसचा चेहरा आवडत नसेल तर चेहरा बदला, खोका तोच राहील.

आणि मग हायब्रिड. कोणी हिच्याबद्दल फार बोलत नाही आणि मला तो जरा अन्यायच वाटतो. लांबीला जवळपास डॉमिनस, उंचीला ऑक्टेनपेक्षा थोडी कमी, वळायला ऑक्टेनच्या जवळची. ऑक्टेनवर शॉट जमतात पण फ्लिक कमजोर वाटतात, किंवा डॉमिनसवर फ्लिक भारी पण फिफ्टीत मार खाता, अशांनी एक्स-डेव्हिल, एंडो किंवा एस्पर लावून बघायला हरकत नाही.

ब्रेकआउटबद्दल पटकन सांगतो, लांब आणि अरुंद, शॉट सुईसारखे जातात असं तिचे भक्त सांगतात, पण बाजूने बॉलला लागायला जागा कमी. पहिली गाडी म्हणून नको. नंतर शौक म्हणून घ्या.

थर्ड मॅन, म्हणजे शेवटचा माणूस

इथेच लोक गाडीच्या नादात सगळ्यात जास्त फसतात, कीपरसाठी मोठी गाडी हवी म्हणून. वर हिशोब दाखवलाच, गोलच्या मानाने सगळ्या गाड्या खेळण्यातल्या आहेत. थर्ड मॅनला लागतं काय, तर तिरका बॉल आला की एका टचमध्ये तो बाजूच्या भिंतीकडे काढता येणं, म्हणजे टचवर भरवसा. जी गाडी रोज चालवता तीच ठेवा. बॉल नाकाच्या कुठल्या भागाला लागणार हे विचार न करता कळलं पाहिजे, आणि तसं फक्त सवयीच्या खोक्यावरच कळतं.

प्लँकचं मात्र एक खरं आहे. सपाट आणि रुंद असल्यामुळे हवेतून येणारा बॉल टपावर अलगद झेलून खाली आणायला ती छान आहे, म्हणजे सेव्ह करून बॉल परत विरोधकाला न देता स्वतःकडे ठेवायचा असेल तर. मँटिस, सेंटिओ, पॅलाडिन या प्लँकवाल्या. आणि २०१६ ची बॅटमोबीलपण, ती ज्यांच्याकडे आहे ते ती सोडतच नाहीत. मी म्हणेन प्लँक घेणार असाल तर सावकाश खेळणारे, बॉलवर ताबा ठेवणारे असाल तरच घ्या, धडाधड फिफ्टी घेणारे असाल तर रोज चिडचिड होईल.

थर्ड मॅनच्या हत्यारातलं खरं हत्यार वेगळंच आहे, बूस्ट.

बूस्ट: टाकी, पॅड आणि त्याचा धूर

किकऑफला प्रत्येकाला ३३ बूस्ट मिळतो. भरलेली टाकी १०० ची, आणि बटण दाबून ठेवलं तर साधारण तीन सेकंदात रिकामी. मैदानावर मोठे पॅड सहाच, ते टाकी पूर्ण भरतात आणि उचलल्यावर दहा सेकंदांनी परत येतात. छोटे पॅड २८, प्रत्येकात १२ बूस्ट, चार सेकंदांत परत. आता यावर जरा विचार करा, मोठा पॅड कोपऱ्यात असतो आणि तो घ्यायला गेलेला थर्ड मॅन गोल उघडा टाकून गेलेला असतो. त्यापेक्षा मागे येताना रस्त्यातले तीन-चार छोटे पॅड चाकाखाली घेतले तर चाळीस-पन्नास बूस्ट झाला, एक चांगला एरियल सेव्ह त्यात होतो, आणि तुम्ही जागेवरही आहात. नवीन लोकांना मी गाडीआधी हा रस्ता पाठ करायला सांगतो, मागे येताना कुठले छोटे पॅड एका लाइनीत पडतात ते फ्रीप्लेमध्ये (एकट्याने मोकळा सराव करायचा मोड) नुसती गाडी फिरवून बघायचं, बॉलला हातसुद्धा लावायचा नाही.

दुकानात मिळणाऱ्या बूस्टच्या प्रकारांनी वेगात शून्य फरक पडतो. तरी निवडताना दोन गोष्टी बघा. एक, धूर किती दाट आहे, कारण काही बूस्ट मागे इतका पसारा करतात की हळू चालत बॉल टपावर घेताना आपल्याच झगमगाटात बॉलचा खालचा भाग नीट दिसत नाही. दोन, आवाज. पाच मिनिटं तोच आवाज कानात जाणार आहे, कर्कश असेल तर बाकीचं ऐकू येत नाही, आणि मागून येणाऱ्या विरोधी गाडीचा बूस्ट ऐकू येणं हे डेमोपासून, म्हणजे धडक देऊन तुमची गाडी उडवण्यापासून, वाचायला उपयोगी आहे, त्यासाठी हेडफोन लावून खेळा. साधा स्टँडर्ड बूस्टसुद्धा चांगलाच आहे.

चाकं, डिकल, टॉपर, गोल एक्स्प्लोजन, हे सगळं फक्त हौस. चाकाने ग्रिप वाढत नाही. टोपीवाला टॉपर लावला तर मात्र बॉल टपावर असताना तो बॉलमध्ये घुसलेला दिसतो आणि डोळा फसतो, ड्रिबल शिकताय तोवर काढून ठेवा.

कॅमेरा, ज्याला कोणी हात लावत नाही

मला विचाराल तर गाडीच्या निवडीपेक्षा कॅमेऱ्याने जास्त फरक पडतो आणि सेटिंगमध्ये फुकट आहे. फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं ते) सरळ ११० वर, म्हणजे कमाल. कॅमेरा शेक बंद, हे तर पहिल्या दिवशी, नाहीतर प्रत्येक टक्करीला स्क्रीन हलतो. डिस्टन्स २६० ते २८०, हाइट ९० ते ११०, अँगल उणे ३ ते उणे ५, स्टिफनेस ०.३५ ते ०.५० या पट्ट्यात बहुतेक चांगले खेळाडू सापडतील.

रोलप्रमाणे थोडं सरकवता येतं. ड्रिबल आणि फ्लिकवर जगणारा असाल तर डिस्टन्स जरा कमी, म्हणजे बॉल आणि टपामधली फट नीट दिसते. मागे राहून गेम वाचणारा असाल तर थोडा लांबचा आणि थोडा उंच, म्हणजे दोन्ही साथीदार एका नजरेत येतात. स्टिफनेस कमी ठेवली की वेग वाढला की कॅमेरा मागे खेचला जातो, जास्त ठेवली की गाडीला चिकटून राहतो, लांब नाकाच्या गाड्यांवर मला थोडी जास्त आवडते कारण नाकाचं अंतर तेच राहतं. आणि एकदा ठरवलं की महिनाभर हात लावू नका, हरलो की कॅमेरा बदलणं ही एक वेगळीच व्याधी आहे.

व्हिडिओ सेटिंगमध्ये मोशन ब्लर, लेन्स फ्लेअर, वेदर इफेक्ट्स बंद, ट्रान्सपरंट गोलपोस्ट्स चालू. शेवटचं थर्ड मॅनसाठी सोन्यासारखं आहे, गोलच्या आत उभं राहिल्यावर कॅमेरा जाळीमागे जातो आणि गोलपोस्ट मधे येतो, हे चालू केलं की आरपार दिसतं.

कंट्रोलर आणि बटणं

कीबोर्डवर खेळता येतं आणि एकदम वरच्या लेव्हलला कीबोर्डवाले आहेतही, पण नवीन सुरू करत असाल तर कंट्रोलर घ्या, कारण स्टिक अर्धी वळवता येते आणि कीबोर्डचं बटण एकतर दाबलेलं नाहीतर सोडलेलं. कुठल्या कंपनीचा ते गौण आहे, स्टिक ढिली झालेली नसावी एवढंच.

त्याहून महत्त्वाचं बाइंडिंग, म्हणजे कुठलं काम कुठल्या बटणावर. मूळ सेटिंगमध्ये उडी आणि बूस्ट दोन्ही उजव्या अंगठ्याकडे असतात. आता एरियल मारून बघा: पहिली उडी, नाक वर, बूस्ट दाबलेला ठेवायचा आणि तो न सोडता दुसरी उडी मारायची. एकच अंगठा दोन बटणांवर आडवा टाकावा लागतो, जमतं, पण त्यात बूस्ट सुटतो आणि तुम्ही बॉलच्या खाली राहता. बूस्ट आर वन किंवा आरबीवर टाका, म्हणजे ते काम उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे गेलं आणि अंगठा उडीसाठी मोकळा. एल वनवर पॉवरस्लाइड (जमिनीवर घसरत वळणं) आणि एअर रोल (हवेत गाडी कुशीवर फिरवणं) ठेवा, आणि पुढे जाऊन एअर रोल लेफ्ट किंवा राइट यातलं एक वेगळं बटण द्या. पहिले काही दिवस बोटं भांडतील, चालू द्या. सेकंड मॅन म्हणून हवेत जायचं असेल तर या एका बदलाची बरोबरी कुठलीच गाडी करणार नाही.

डेडझोन, म्हणजे स्टिक जेवढी हलली तरी गाडी दुर्लक्ष करते तेवढा भाग, कमी ठेवा, ०.०५ ते ०.१० च्या आसपास, स्टिक सोडल्यावर गाडी आपोआप एका बाजूला जात असेल तर थोडा थोडा वाढवत जा. डॉज डेडझोन (फ्लिप लागायला स्टिक किती हलवावी लागते ते) मात्र वाढवलेला बरा, ०.५० ते ०.८०, नाहीतर दुसरी उडी मारायला जाता, स्टिक चुकून जराशी पुढे असते आणि गाडी कोलांटी मारते. शेवटचा माणूस तुम्ही असताना अशी कोलांटी बसली की गोल झालाच.

एकट्याने, दोघांनी, तिघांनी

१ विरुद्ध १ मध्ये सगळे रोल तुमचेच, चूक झाकायला कोणी नाही, त्यामुळे ड्रिबल आणि फिफ्टी दोन्ही लागतात. ऑक्टेन सुरक्षित, डॉमिनसवर फ्लिक पक्के असतील तर तीही चालते. २ विरुद्ध २ मध्ये एकाने ऑक्टेन आणि दुसऱ्याने डॉमिनस घेतली तर टीम छान जुळते, पण हे ठरवून करण्यासारखं नाही, ज्याचा हात जिथे बसलाय तिथे. ३ विरुद्ध ३ मध्ये फिफ्टी इतक्या होतात की आरएलसीएससारख्या रॉकेट लीगच्या मोठ्या स्पर्धा बघितल्यात तर ऑक्टेन हिटबॉक्सचीच गर्दी दिसेल, मधे मधे डॉमिनस.

डेमो मारत फिरायचा शौक असेल तर त्यासाठी वेगळी गाडी शोधू नका. डेमोला सुपरसॉनिक वेग लागतो, म्हणजे गाडीमागे पांढऱ्या रेघा दिसायला लागतात तो, आणि सगळ्या गाड्या तिथे सारख्याच पोचतात. उडवलेली गाडी काही सेकंदांत परत मैदानात येते, तेवढ्यात तुमच्या सेकंड मॅनने शॉट मारला तरच त्याचा उपयोग.

निवड कशी करायची, प्रत्यक्ष

दोन गाड्या निवडा, एक ऑक्टेन गटातली आणि एक डॉमिनस किंवा हायब्रिड. कस्टम ट्रेनिंगमधला एकच पॅक घ्या, साधे ग्राउंड शॉट असलेला, आधी एका गाडीवर पूर्ण करा मग तोच दुसऱ्यावर. गोल किती झाले हे बघू नका, चुकलेले शॉट कुठल्या बाजूला चुकतायत ते बघा. सगळे एकाच बाजूला जात असतील तर ती सवयीची गोष्ट आहे, दुरुस्त होते. इकडे तिकडे विखुरत असतील तर त्या गाडीचं नाक तुम्हाला कळलेलं नाही. मग फ्रीप्लेमध्ये बॉल टपावर घेऊन मैदानाच्या एका टोकाकडून दुसरीकडे जा. मग मित्राला बोलवा, प्रायव्हेट मॅच लावा आणि नुसत्या किकऑफ मारा, फिफ्टीत बॉल तुमच्या मागे किती वेळा जातो ते लगेच दिसतं. रँक्डमध्ये नवीन गाडी तपासू नका, तिथे साथीदार शिव्या घालतो आणि तुम्ही गाडीऐवजी चॅट वाचत बसता.

गाडी ठरली की गॅरेजमध्ये प्रीसेट सेव्ह करून ठेवा. निळ्या आणि केशरी टीमसाठी रंग वेगळे लागतात तेही तिथेच. दुसरा प्रीसेट हौशीसाठी ठेवा, टोप्या, झेंडे, अजस्त्र चाकं, हवं ते, पण हिटबॉक्स तोच असलेल्या बॉडीवर, म्हणजे मजा करतानाही हात बिघडत नाही.

रंबल वगैरे मोडमध्ये कुठली गाडी हा प्रश्न काढूच नका, तिथे स्प्रिंगवाला ठोसा किंवा टॉर्नेडो येऊन सगळं उलटंपालटं करतो. स्नो डेमध्ये बॉलऐवजी आइस हॉकीतली चपटी पक (चकती) असते, फारशी उसळत नाही, बर्फावरून घसरत जाते, त्यामुळे तिथे प्लँक किंवा डॉमिनससारख्या बुटक्या गाड्या चालवून बघायला मजा येते. हूप्समध्ये बॉल वरून रिंगमध्ये टाकायचा असतो, टपावर घेऊन चालणाऱ्यांची चलती, म्हणजे परत डॉमिनस. ड्रॉपशॉटला तुमची रोजची गाडी पुरे.